मदत हवी आहे : दोन सॉ फिल्टर एका पोर्टवर जोडले की बँड ३ मध्ये खड्डे पडतात

होटगीकर | शुक्रवार, रात्री ११:२०

दोन दिवस यातच अडकलोय. मोबाइलच्या बँड ८ (९४२ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि बँड ३ (१८४२ च्या आसपास) चे रिसीव्ह फिल्टर, दोन्ही सॉ, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठावरच्या ध्वनिलाटेवर चालणारे, एकाच चिपवर, एकाच अँटेना पोर्टवर घ्यायचे आहेत. वेगवेगळे चालवले की दोन्ही झकास. जोडले की बँड ३ च्या पासबँडमध्ये (जो पट्टा पार व्हायला हवा त्यात) १८२२ आणि १८६९ मेगाहर्ट्झला खड्डे, मोठा जवळजवळ ४ डीबीचा. बोटांची (चिपवरच्या फणीसारख्या धातूच्या पट्ट्यांची) रुंदी बदलून पाहिली, फरक शून्य. जुन्या एका धाग्यात अपोडायझेशन (बोटांची लांबी कमी-जास्त करणं) सांगितलंय, ते करू का? सोमवारी सरांना दाखवायचंय. 'पेपर वाचा' एवढंच सांगू नका, वाचलेत.

पीझोप्रेमी | ११:४१

सबस्ट्रेट (बोटांखालचा स्फटिक) कोणता? मोजलेलं आहे की सिम्युलेशन? एवढंही न लिहिता कोण काय सांगणार?

तरी अंदाज सांगतो. बँड ८ चा ट्रान्समिट ८८० ते ९१५. दुप्पट करा, १७६० ते १८३०. रिसीव्ह ९२५ ते ९६०, दुप्पट १८५० ते १९२०. तुमचे दोन्ही खड्डे यात बसतात. दुसरा हार्मोनिक आहे, दुसरं काही नाही.

होटगीकर | ११:५२

सिम्युलेशनच आहे, लिहायचं राहिलं. ४२ अंश लिथियम टँटलेट, ॲल्युमिनियमची बोटं, दोन्ही लॅडर (शिडीसारखे जोडलेले रेझोनेटर). अपोडायझेशनचं कुणी सांगेल का?

थिनफिल्म | शनिवार, रात्री १२:०५

सॉ सोडा, एफबार (पातळ पापुद्रा थरथरवणारा फिल्टर) घ्या. मी चार वर्षं ॲल्युमिनियम नायट्राइडवर काम केलंय. कडा उभ्या मिळतात, पॉवर जास्त पेलते, तापमानाने सरकतंही कमी.

फणीवाला | १२:२०

थिनफिल्म, एफबारबद्दल आदर आहे, पण तिथे फ्रिक्वेन्सी पापुद्र्याच्या जाडीवर ठरते. ९४२ आणि १८४२ एका चिपवर म्हणजे दोन जाड्या. सॉमध्ये ती बोटांच्या अंतरावर ठरते, दोन्ही बँड एकाच मास्कवर निघतात. याला लहान चिप हवी आहे, म्हणून सॉच बरोबर.

पीझोप्रेमी, रेषीय सिम्युलेशनमध्ये हार्मोनिक येणार कुठून? आणि त्याच्या सर्किटमध्ये ट्रान्समिट फिल्टरच नाही. प्रत्यक्ष चिपवर पॉवर देऊन मोजताना तुमचा मुद्दा शंभर टक्के लागू होईल, आज नाही.

होटगीकर, बँड ८ च्या रेझोनेटरचं मॉडेल कशात केलंय? बीव्हीडी (साधं समतुल्य सर्किट) की फायनाइट एलिमेंट (बारीक तुकडे पाडून गणित)? २डी की ३डी? बोटांखाली सबस्ट्रेट किती खोल घेतलाय आणि तळाला काय अट लावलीय?

जुनाटीव्ही | सकाळी ७:१०

नव्या पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तीस वर्षं. कलर टीव्हीच्या आयएफमध्ये (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या भागात) सॉ फिल्टर असायचा, पत्र्याच्या डबीत, पाच पायांचा, ३८.९ मेगाहर्ट्झचा. चित्राला सावली आली की आधी अँटेना बघायची, मग फिल्टर बदलून बघायचा. त्याच्या आधी एक ट्रान्झिस्टर असायचा, कारण फिल्टर सिग्नल फार खायचा. तुम्ही पण नवीन टाकून बघा.

पीझोप्रेमी | ८:०२

काका, सिम्युलेशनमध्ये काय बदलणार? पण सावलीचं बरोबर. लाट पलीकडच्या बोटांवर आपटून परत यायची आणि तिसऱ्या फेरीला उशिराने पोचायची. ती दाबायची म्हणून ते फिल्टर मुद्दाम इतके डीबी खाणारे बनवायचे.

होटगीकर | ९:३०

रात्री लाइट गेली होती. फायनाइट एलिमेंट, २डी, बोटांची एक जोडी, बाजूंना पिरिऑडिक अट (हीच जोडी पुढे-मागे चालूच आहे असं धरून). खोली ५ तरंगलांबी, तळ फिक्स (न हलणारा). त्यातून ॲडमिटन्स (करंट किती सहज जातो ते) काढून सर्किटमध्ये टाकतो. बँड ३ लाही हेच केलंय आणि तिथे काही त्रास नाही, म्हणून सांगितलं नव्हतं.

फणीवाला | १०:१५

सापडलं असं वाटतंय.

आमच्याकडे माग होता. फणीचे दात नीट असूनही कापडात पट्टा आला तर वडील आधी फणी काढायचे नाहीत, पट्टा कशासोबत सरकतो ते बघायचे. इथेही तेच करा.

बँड ८ ची तरंगलांबी साधारण ४.२ मायक्रॉन. हीच बोटं १८५० च्या आसपास चालवली की पृष्ठावरची लाट राहत नाही, ती सबस्ट्रेटच्या पोटात लाटा सोडतात. खऱ्या वेफरमध्ये त्या खोल जाऊन विरतात, मागची बाजू त्यासाठीच खडबडीत ठेवतात. तुमच्याकडे २१ मायक्रॉनवर फिक्स तळ आहे. लाट आपटते, वर येते, उभी राहते. ४००० मीटर प्रति सेकंद वेग धरला तर अशी टोकं दर ९५ मेगाहर्ट्झला एक, आणि वेगवेगळ्या वेगाच्या लाटांची वेगवेगळी. ७५ मेगाहर्ट्झच्या पासबँडमध्ये दोन पडली तर नवल नाही. बँड ३ एकटा असताना ही बोटं जोडलेलीच नसतात, म्हणून तो स्वच्छ दिसतो.

दोन गोष्टी करा. खोली ५ ची ७ तरंगलांबी करा आणि खड्डे हलतात का बघा. हलले तर ते तुमच्या मॉडेलचे आहेत, फिल्टरचे नाहीत. मग तळाला शोषक थर लावा, पीएमएल.

अपोडायझेशन आत्ता नको. ते बोटांच्या लांबीमुळे येणाऱ्या आडव्या मोडसाठी आहे, आणि तुमच्या २डी मॉडेलमध्ये बोटाला टोकच नाही.

सातरस्ता | ११:०५

तापमानाचं कुणीच बोलत नाही. साधं लिथियम टँटलेट अंशाला साधारण उणे ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग) सरकतं. १८४२ ला ते ७४ किलोहर्ट्झ. ६० अंशांचा फरक म्हणजे साडेचार मेगाहर्ट्झ, आणि बँड ३ मध्ये ट्रान्समिट आणि रिसीव्हच्या मधे १७८५ ते १८०५ एवढीच फट. आपल्या मे महिन्यात फोन उन्हात ठेवून बघा.

फणीवाला | ११:२०

मुद्दा खरा आहे, पण तापमानाने कड सरकते, पासबँडमध्ये खड्डा पडत नाही.

होटगीकर | दुपारी ४:४५

७ तरंगलांबी केली. १८६९ चा खड्डा १८४७ वर आला, १८२२ चा पासबँडच्या बाहेर गेला! पीएमएल लावल्यावर दोन्ही गेले. दोन दिवस मी बोटं बदलत बसलो आणि चूक तळाशी होती. मनापासून आभार.

पण बँड ३ अजून आधीपेक्षा सपाट ०.६ डीबी खाली आहे. हे कुठून?

फणीवाला | ५:३०

हे खरं आहे, हे वेफरवरही दिसेल. पोटात सोडलेली ऊर्जा आता परत येत नाही, एवढाच फरक. शिवाय बँड ८ ची बाजू १८४२ ला कपॅसिटरसारखी लटकते. अँटेनाकडचा पहिला रेझोनेटर शंट (जमिनीला जोडलेला) आहे की सिरीज (सिग्नलच्या वाटेतला)?

होटगीकर | ५:४१

शंट.

फणीवाला | ५:५८

तो सिरीज करा आणि लहान ठेवा. २ पिकोफॅरडचा कपॅसिटर १८४२ ला ४३ ओहमच दिसतो, १ पिकोफॅरड केला तर ८६. उरलेलं पोर्टवर एक इंडक्टर जमिनीला लावून भागवा. पण बँड ८ ची रुंदी तपासा, तिथे किंमत मोजावी लागते.

आणि दोन्ही बँडना ॲल्युमिनियमची जाडी एकच आहे ना? तरंगलांबीच्या हिशोबात ती बँड ३ मध्ये जवळपास दुप्पट पडते. बँड ३ च्या बोटांचं अंतर त्या जाडीने काढलंय का?

जुनाटीव्ही | सायं. ६:२०

माझ्याकडे तसल्या डब्या अजून पंधरा-वीस आहेत. पोराला आतली बोटं बघायची असतील तर दुकानात ये, झाकण कापून देतो. भिंगातून दिसतात.

होटगीकर | ६:३३

येतो काका, उद्याच.

फणीवाला, जाडी बँड ८ चीच धरली होती. परत चालवतोय.