चाली चर्चच्या का?

अमेरिकेतल्या कामगारांच्या जुन्या गीतपुस्तकात चाली चर्चच्या का, असा प्रश्न पडतो. आयडब्ल्यूडब्ल्यू (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) या कामगार संघटनेचं लाल गीतपुस्तक १९०९ साली अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात निघालं आणि उत्तर तिथल्या रस्त्यावरच आहे. नोकरी लावतो म्हणून पैसे उकळणाऱ्या दलालांविरुद्ध चौकात सभा व्हायच्या, आणि साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचा बँड चर्चची गाणी वाजवत वक्त्याचा आवाज पार बुडवून टाकायचा. मग त्याच चालींवर कामगारांनी स्वतःचे शब्द बसवले. बँड वाजला की उलट साथच मिळायची! शिवाय चाल आधीच पाठ, पुस्तक खिशात मावणारं. याच संघटनेचा गीतकार जो हिल, त्याच्या १९११च्या गाण्यात भुकेल्याला प्रवचनकार सांगतो, खायला मेल्यावर मिळेल, स्वर्गात. मला ते आजही झोंबतं. १९१५ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात जो हिलला गोळ्या घालून मृत्युदंड दिला. त्याची गाणी मात्र पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत छापली जात राहिली.