सिनॅप्सला मराठीत काय म्हणावं? चेतासंधी, फट की आणखी काही?

दहावीच्या वर्गात मी सिनॅप्सला, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप जातो त्या जागेला, ‘चेतासंधी’ म्हणते. काल एका मुलीने विचारलं, “बाई, देव आणि आलय यांची संधी होऊन देवालय होतं. मग या दोन पेशीही एक होतात का?” तिला पटेल असं उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द आहे का?

— मुलीची शंका रास्त आहे. पेशी एक होत नाहीत, मध्ये साधारण २० नॅनोमीटरचं अंतर असतं. मी सरळ ‘फट’ म्हणेन.

— ‘फट’ रासायनिक प्रकाराला चालेल. विजेचा संदेश काठाशी थांबतो, कॅल्शियम आत शिरतं, पुटिका (पेशीतल्या बारीक पिशव्या) आपलं रसायन फटीत सोडतात आणि पलीकडचे ग्राही ते टिपतात. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित करून ते मंद केलं आणि त्याच्याभोवतीचा द्राव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावलं! दोन हृदयं जोडणारी चेता नव्हतीच, निरोप द्रावातून गेला. मला हा प्रयोग आजही थक्क करतो.

पण विद्युत प्रकाराचं काय? तिथे अंतर तीन-चार नॅनोमीटर, आणि तेही प्रथिनांच्या नळ्यांनी सांधलेलं. आयन थेट पलीकडे जातात, म्हणून उशीर जवळजवळ नाहीच. फर्शपॅन आणि पॉटर यांनी १९५९ मध्ये शेवंडीच्या जातकुळीतल्या क्रेफिशमध्ये हे दाखवलं. याला ‘फट’ म्हणणं मला चुकीचं वाटतं.

या जागेला नाव देणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांच्या मनात १८९७ मध्ये आधी ‘सिंडेस्म’ होतं. ग्रीकचे जाणकार व्हेरॉल यांनी ‘सिनॅप्स’ सुचवलं, कारण त्याचं विशेषण चांगलं होतं. ही कसोटी आपणही लावावी. ‘चेतासंधीय’ होतं, ‘फटीय’ कोण म्हणेल?

शिवाय संधी म्हणजे फक्त व्याकरणातली नव्हे. संधिकाल आठवा: दिवस आणि रात्र तिथे भेटतात, पण एक होत नाहीत.

— संधिकाल सुचलाच नव्हता! मग ‘चेतासंधी’च ठेवते. ‘फट’ फक्त रासायनिक चेतासंधीतल्या त्या २० नॅनोमीटरसाठी वापरेन. उद्या तिला आधी हे सांगते, मग लोवींची दोन हृदयं फळ्यावर काढते.