मदत हवी आहे: १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ईएसपी३२ बोर्डला सप्लाय कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

शेतातल्या ठिबकचा व्हॉल्व्ह चालू-बंद करायला ३० पिनांचा ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला, प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) लावतोय. जागेवर सोलर पॅनल आणि १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे. चार्जिंगच्या वेळी ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते.

मुख्य चिपला ३.३ व्होल्ट लागतात, ३.६ च्या वर जाऊ द्यायचं नाही. बोर्डवरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरची (व्होल्ट कमी करून ३.३ देणाऱ्या भागाची) इनपुट मर्यादा १५ व्होल्ट आहे, म्हणून बरेच जण सांगतात, बॅटरी थेट व्हीआयएनला (बोर्डच्या सप्लाय पिनला) जोडा. मला हे पटत नाही. तो लिनियर रेग्युलेटर आहे, जास्तीचे व्होल्ट उष्णतेतच जाणार. वायफाय सुरू असताना २५० मिलिॲम्पिअर धरले तरी (१२ वजा ३.३) ८.७ गुणिले ०.२५, म्हणजे २ वॉटच्या वर! उन्हातल्या बंद डब्यात एवढासा तुकडा कसा तग धरेल?

म्हणून एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्ट कमी करणारं मॉड्यूल) घेतलाय. आधी मल्टिमीटर लावून ५ व्होल्ट सेट करायचे, मगच व्हीआयएनला जोडायचं, असा विचार आहे. पण त्यावरचा छोटा स्क्रू कालांतराने सरकतो का? त्यापेक्षा फिक्स ५ व्होल्टचं मॉड्यूल बरं का?

व्हॉल्व्हची कॉइल त्याच बॅटरीवर आहे. ती बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका अडवायला तिला उलटा १एन४००७ डायोड लावणार आहे. शिवाय बोर्डजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर पुरेल का?

आणि प्रोग्रॅम टाकताना यूएसबी जोडली, तर व्हीआयएनची वायर काढावीच लागते का? दोन्हीकडून एकदम सप्लाय येऊन लॅपटॉपचा पोर्ट जाईल याची खरंच धास्ती आहे. शेतात असं प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.