'इंटरनॅशनल शाळाच हवी' म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

भटकी_आई

परवा 'स्पष्टवक्ता' यांची पोस्ट आली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: परदेशात राहत असाल तर मुलांना इंटरनॅशनल शाळेतच घाला, लोकल शाळेत घालणारे आईबाप चार पैसे वाचवायला पोरांचं भवितव्य पणाला लावतात आणि वर त्याला 'तिथली संस्कृती शिकणं' असं गोंडस नाव देतात. खाली लाइकचा पाऊस. मी दोनदा उत्तर लिहून पुसलं, तिसऱ्यांदा म्हटलं सरळ धागाच काढू.

अकरा वर्षं, तीन देश, दोन मुलं, पाच शाळा. त्यात दोन इंटरनॅशनल, दोन लोकल, आणि एक अशी की जिच्या नावात इंटरनॅशनल होतं, बाकी कशातच नव्हतं. बहुतेक ठिकाणी हा शब्द पाटीवर कुणीही रंगवू शकतो. त्या शाळेच्या टूरवर बाईंनी छातीठोकपणे सांगितलं की आमची आयबी शाळा आहे, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा अभ्यासक्रम शिकवणारी. घरी येऊन आयबीच्या साइटवर शाळा शोधली तर नावच नाही. फोन केला तेव्हा कळलं, अजून 'कँडिडेट' आहेत, म्हणजे अर्ज केलाय, मान्यता यायचीय. हे टूरमध्ये सांगायला नको?

आणि त्या टूर! लॉबीत झेंडे, स्विमिंग पूल, रोबोटिक्स लॅब. मी म्हटलं ईएएलचा, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचा, वर्ग दाखवा, कारण माझ्या मुलाचं तेव्हा इंग्रजी कच्चं होतं आणि त्याचा अर्धा दिवस तिथेच जाणार होता. बाई जरा घुटमळल्या. जिन्याखालची खोली, बाजूला झेरॉक्स मशीन घरघरतंय, आत एक टीचर आणि तीन वेगवेगळ्या इयत्तांची नऊ मुलं. एवढ्या फीमध्ये!

मी इंटरनॅशनल शाळांच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच की शाळा बघण्याआधी आपला पुढचा मुक्काम बघा. किती वर्षं राहणार, मग कुठे जाणार, आणि तेव्हा पोरगं कितवीत असेल. सहा वर्षांच्या मुलाला आणि दहा वर्षं तिथेच राहणार असाल तर लोकल शाळेसारखं दुसरं काही नाही. चौदाव्या वर्षी दोन वर्षांपुरतं नेत असाल तर गोष्ट वेगळी. सगळ्यांना एकच औषध देणाऱ्यांचा मला राग येतो.

स्पष्टवक्ता

धन्यवाद, माझ्यावर अख्खा धागा. मी 'चार पैसे' लिहिलं ते कुणाला लागलं असेल तर लागो.

माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्हीही याच 'मुलं भाषा पटकन उचलतात' वाल्या सल्ल्यावर तिला लोकल शाळेत घातलं. सात महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी अखंड बडबड आणि शाळेच्या फाटकाशी पोचलो की तोंड बंद. एक दिवस तिच्या बाईंनी दुभाष्याला मध्ये बसवून मला विचारलं, हिला नीट ऐकू येतं ना? कान तपासून आणा म्हणाल्या. आणलेही. त्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी जे ठरवलं तेच पोस्टमध्ये लिहिलंय. तुमची पोरं तरली, छान. प्रत्येकाचं तरत नाही.

नवा_मुक्काम

+१ स्पष्टवक्ता. पण साहेब, तुमची फी कोण भरतं तेही सांगा की. कंपनी भरत असेल तर तत्त्व पाळायला काय जातंय? आम्हीही पहिली तीन वर्षं त्याच तोऱ्यात होतो. मग एके दिवशी एचआरने गोड आवाजात सांगितलं की आता तुम्ही 'लोकल प्लस', म्हणजे पगार इथल्या लोकांसारखा आणि वर थोडे भत्ते, आणि त्या प्लसमध्ये शाळा नाही. दोन मुलं, वर्षाच्या मधोमध. आणि फी म्हणजे फक्त फी नसतेच, अर्जाची फी वेगळी, परत न मिळणारी कॅपिटल लेव्ही (शाळेच्या इमारती वगैरेंसाठीची रक्कम) वेगळी, बस वेगळी, परीक्षेची फी वेगळी, शाळेच्या सहली तर विचारूच नका. मोठा तेव्हा दहावीत, आयजीसीएसईचं (दहावीअखेरच्या ब्रिटिश परीक्षेच्या दोन वर्षांच्या कोर्सचं) एक वर्ष झालेलं. त्याला काढता येईना आणि ठेवता येईना.

मास्तरीण

मी अशाच शाळांमध्ये चौदा वर्षं शिकवतेय म्हणून थोडं आतलं सांगते. नवा_मुक्काम यांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी परत वाचा. नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे जोडडबे आहेत, मध्ये तोडले की रुळावरून घसरतात. आयजीसीएसई मध्येच सोडून दुसऱ्या शाळेत तोच कोर्स घ्यायचा म्हटलं तरी तिथे विषय वेगळे, परीक्षामंडळ वेगळं. अकरावी-बारावीच्या आयबी डिप्लोमाचं तर आणखी कठीण, सहा विषय, वर टीओके (ज्ञान म्हणजे काय याचा विषय), सीएएस (कला, खेळ, समाजसेवा) आणि ४००० शब्दांपर्यंतचा निबंध, हे सगळं अर्ध्यावर उचलून नेता येत नाही. बदली टाळता येत नसेल तर सहावी-सातवीत करा नाहीतर दहावीनंतर.

दुसरं, कोणते विषय ब्रोशरमध्ये आहेत ते विचारू नका, *यंदा कोणते वर्ग खरंच चालू आहेत* ते विचारा. २०१९ पासून आयबीचं गणित दोन प्रकारांत आहे, एए (विश्लेषणावर भर) आणि एआय (वापरावर भर), आणि इंजिनिअरिंगला बऱ्याच विद्यापीठांना एए हायर लेव्हल लागतं. लहान शाळेत चारच मुलं ते मागतात, मग शाळा म्हणते यंदा नाही. आईबापांना हे अकरावीच्या पहिल्या आठवड्यात कळतं.

तिसरं, भाषेबद्दल. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच बोलायची भाषा वेगळी, अभ्यासाची वेगळी हा फरक मांडलाय. मैदानावर बोलण्याची भाषा मुलं दोनेक वर्षांत उचलतात, पण पुस्तकातली, उत्तरं लिहायची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळे स्पष्टवक्ता, तुमच्या मुलीचं सात महिने गप्प राहणं फार वेगळं नव्हतं. नवी भाषा कानावर पडणारी बरीच मुलं आधी नुसती ऐकतात.

स्पष्टवक्ता

मास्तरीणबाई, 'वेगळं नव्हतं' हे पुस्तकात वाचायला बरं वाटतं. फाटकाशी हात सोडवत नाही तेव्हा कळतं.

शेवटचा_बाक

माझा प्रश्न वेगळाच आहे, पण कुणी विषयच काढत नाहीये म्हणून काढतो. वर्ष वाया जाणं! आमच्या मुलाला नव्या शाळेने एक वर्ष *खाली* बसवलं. कारण? तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला आणि त्यांची कटऑफ १ सप्टेंबर, म्हणजे त्या तारखेला त्या वर्गाचं वय पूर्ण हवं. जुन्या शाळेत वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं, तिथे तो बरोबर होता. म्हणजे पहिलं वर्ष पूर्ण केलेलं, रिपोर्ट कार्ड हातात, आणि परत तेच धडे. दहा-बारा दिवसांसाठी!

भटकी_आई

अगदी! आणि त्यात इयर आणि ग्रेडचा घोळ. ब्रिटिश इयर ७ म्हणजे अमेरिकन ग्रेड ६. माझ्या एका मैत्रिणीने 'सातवी पास' म्हणून इयर ८ मागितलं, म्हणजे पुन्हा सातवीच, आणि तीन महिने तिला पत्ताच नाही.

खडूस_आजोबा

एक वर्षाने कुणाचं काय बिघडतं? वय वाढेल, समज वाढेल. हल्लीच्या पालकांना सगळ्याची घाई.

शेवटचा_बाक

आजोबा, तुमचं काय जातंय सांगायला. वर्गाचा फोटो बघा आमच्याकडचा. मागच्या रांगेत माझा मुलगा, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, आणि बारकाईने बघितलंत तर दिसेल की त्याने गुडघे वाकवलेत. फोटोत उंची कमी दिसावी म्हणून. नऊ वर्षांचं पोर. हे कुणी सांगितलं नाही मला, मी फोटो मोठा करून बघितला तेव्हा कळलं.

स्पष्टवक्ता

मग तुम्ही शाळेशी भांडायला हवं होतं. आम्ही भांडलो, ट्रायल घ्यायला लावली, वरच्या वर्गात बसवलंच. गप्प बसून फोटो मोठे करत बसाल तर असंच होणार.

शेवटचा_बाक

तोंड सांभाळून. भांडलो नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? चार मेल, दोन मीटिंगा. उत्तर एकच, पॉलिसी. वेटिंग लिस्ट लांब होती, त्यांना आमची गरज नव्हती. तुमच्या कंपनीचं नाव बघून ट्रायल मिळाली असेल, आमच्याकडे तसलं लेटरहेड नाही.

नवा_मुक्काम

(लेटरहेड. टाळ्या.)

स्पष्टवक्ता

आता हे चुकीचं आहे हां. माझ्या कंपनीने एक मेलही पाठवला नव्हता.

मास्तरीण

दोघेही जरा दमाने. कटऑफबद्दल सांगते. वर्गाचं ठरवताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात: वयानुसार वर्ग की झालेल्या शिक्षणानुसार, ठरवणारं माणूस कोण, आणि पहिल्या टर्मनंतर फेरविचार होतो का. बऱ्याच शाळा तोंडी 'बघू' म्हणतात आणि ते 'बघू' तिथेच संपतं. उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर, जपानमध्ये एप्रिल, त्यामुळे एका कॅलेंडरातून दुसऱ्यात उडी मारताना काही महिने पुढे नाहीतर मागे होणारच. आयबीच्या परीक्षाही म्हणूनच मे आणि नोव्हेंबर अशा दोनदा असतात.

पण खरं सांगू का, आजोबांचं सरसकट चुकीचं नाहीये. भाषा नवी असेल तर पहिली-दुसरीत एक वर्ष खाली बसवलेलं मूल पुढे निवांत चालतं हे मी बघितलंय. नववीत तेच केलंत तर ते मूल शाळेचा राग करायला लागतं. वयाचा फरक आहे.

खडूस_आजोबा

बघा! बाईंनीसुद्धा मान्य केलं.

शेवटचा_बाक

अर्धंच मान्य केलंय, अर्धंच घ्या.

अकरावीचा_बाप

सगळे शाळेचं बोलताय, पण टीचर टिकतात का हे कुणी बघतं का? बऱ्याच ठिकाणी टीचरची पहिली करारमुदत दोन वर्षांची असते. आमच्या मुलीला फिजिक्सला तीन वर्षांत चार टीचर. चौथा खूप चांगला होता, तो जूनमध्ये गेला. मला प्रिन्सिपलने झेंडे दाखवण्यापेक्षा गेल्या वर्षी किती जण सोडून गेले तो आकडा दाखवला असता तर बरं झालं असतं. विचारला होता मी. हसले नुसते.

मास्तरीण

दोन वर्षांत निघून जाणाऱ्यांत मीही दोनदा होते. अपराधी वाटतं, पण तो वेगळा विषय.

भटकी_आई

परत मूळ मुद्द्यावर येते. स्पष्टवक्ता, तुमच्या मुलीचं वाचून मलाही वाईट वाटलं, आणि पहिल्या पोस्टमध्ये 'लोकल शाळेसारखं दुसरं काही नाही' हे मी जरा जोरातच लिहिलं. भाषेची मदत देणारी लोकल शाळा, असं म्हणायला हवं होतं. माझ्या धाकट्याला पहिलं वर्ष रोज दोन तास वेगळे भाषेचे वर्ग होते, शाळेचेच, फुकट. ते नसते तर त्याचंही काय झालं असतं कुणास ठाऊक. पण 'चार पैसे वाचवायला' हे तुम्ही मागे घ्या.

स्पष्टवक्ता

मागे वगैरे घेत नाही. 'काही जण' असं वाचा हवं तर.

भटकी_आई

केवढे उपकार झाले.

नवीन_आयडी

वरचं सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. आमचं ऑगस्टमध्ये जायचं ठरतंय, करार दोन वर्षांचा, 'वाढू शकतो' म्हणतात. मुलगी नववीत जाणार. एका शाळेत एमवायपी (आयबीचाच दहावीपर्यंतचा अभ्यासक्रम) आहे, दुसऱ्या शाळेत आयजीसीएसई. काय करावं?

मास्तरीण

करार दोन वर्षांचाच राहिला तर तुम्ही दहावी संपवून निघाल, तेव्हा दोन्ही चालेल. आयजीसीएसईची बाहेरची परीक्षा असते, प्रत्येक विषयाचं सर्टिफिकेट हातात येतं, नव्या शाळेला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एमवायपीत शेवटची बाहेरची परीक्षा ऐच्छिक आहे, ती शाळा मुलांना त्याला बसवते का ते विचारा. आणि नववीत मध्येच, म्हणजे जानेवारीत वगैरे, अजिबात जाऊ नका.

स्पष्टवक्ता

आणि 'वाढू शकतो' हे लेखी घ्या. शाळेची फी अकरावी-बारावीलाही भरणार का ते त्याच कागदावर. इथे नवा_मुक्काम यांचं बरोबर आहे, एवढं मान्य.

नवा_मुक्काम

स्क्रीनशॉट घेतलाय.

शेवटचा_बाक

या वर्षीचा फोटो आजच आला, आता शाळा बदललीय, वयाच्या वर्गात आहे. रांगेत मधेच उभा आहे, शोधायला वेळ लागला.

खडूस_आजोबा

छान. पण ही सगळी मुलं घरी मराठी बोलतात का, त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

भटकी_आई

आजोबा, त्यासाठी वेगळा धागा काढा, हात जोडते.