'द व्हिलनेस'चा पहिला सीन: आरशात कॅमेरा का दिसत नाही?

तिसरीफ्रेम: दिग्दर्शक जंग ब्युंग-गिलच्या 'द व्हिलनेस' या कोरियन सिनेमात (२०१७) सुरुवातीची मारामारी नायिकेच्या नजरेतून आहे. आपल्याला दिसतात फक्त हात आणि हत्यारं. मग तिचं डोकं आरशावर आपटतं आणि तिथून पुढे ती स्वतःच फ्रेममध्ये येते. छायाचित्रकार पार्क जंग-हूनला या सिनेमासाठी कोरियातलं ग्रँड बेलचं छायाचित्रणाचं पारितोषिक मिळालं. शॉर्टफिल्ममध्ये असाच बदल करायचाय. छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा, एक मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा स्टँड) आहे. खोली १५ फूट लांब, छताला ट्यूबलाइट. दोन शॉटमधला कट कुठे लपवू? आरशात कॅमेरा येऊ नये म्हणून काय करू?

काळापडदा: आरसा लावूच नका. नुसती चौकट खोलीच्या मधोमध उभी करा, म्हणजे दोन्हीकडे साडेसात फूट राहतील. अलीकडे हेल्मेटवर अ‍ॅक्शन कॅमेरा लावलेला स्टंटमन, पलीकडे तेवढ्याच अंतरावर नायिका. पलीकडची बाजू उलटी सजवायची: घड्याळ दुसऱ्या मनगटावर, केसांचा भांग उलटा, भिंतीवर अक्षरं असतील तर काढूनच टाका. दोघांचे हात एकदम हलणं अवघड असतं, आणि फसवणूक उघडी पडते ती तिथेच. म्हणून त्या दोन सेकंदांत हात फ्रेमखाली ठेवा.

डोकं चौकटीकडे झेपावलं की कपाळ किंवा केस लेन्सवर येऊन फ्रेम काळी होते. कट तिथेच, २-३ फ्रेमचा. पुढच्या शॉटला चौकटीत तडा गेलेला अ‍ॅक्रिलिकचा आरसा बसवा आणि गिंबल बाजूने, तिरकस कोनातून आणा. समोरून आणलात तर गिंबलवाला आरशात दिसणारच. खरी काच अजिबात नको. अ‍ॅक्रिलिक ३ मिमीचं असेल तर प्लायवूडवर चिकटवा, नाहीतर प्रतिबिंब लाटांसारखं हलतं.

पन्नासहर्ट्झ: ट्यूबलाइटचं कुणी बोललंच नाही. मारामारी कडक दिसावी म्हणून सगळे शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश किती वेळ मिळतो ते, अंशांत मोजतात) ९० अंशांवर नेतात. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर ते १/९६ सेकंद होतं आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइटमुळे चित्रात पट्टे सरकायला लागतात. १७२.८ अंश (१/५०) किंवा ८६.४ (१/१००) ठेवा. कोरियात वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडच्या ट्युटोरियलमधला १४४ अंशांचा आकडा इथे जसाच्या तसा उचलू नका. दोन्ही कॅमेऱ्यांवर शटर आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) हातानेच सेट करा. ऑटोवर राहिलं तर कटच्या आधी-नंतर रंग बदललेला कळतो.

तिसरीफ्रेम: मिररलेसच हेल्मेटवर लावला तर रंग जुळवायची कटकट वाचेल ना?

काळापडदा: लेन्ससकट किलोभर वजन होतं. मान झटकली की हेल्मेट मागून सरकतं आणि माणसाची मानही धरते. वर अ‍ॅक्शन कॅमेराच राहू द्या, मागे तेवढंच वजन बांधा. कपाळावर लावलात तर हात फ्रेमच्या पार तळाशी जातात. स्टंटमनला हात छातीपाशी उचलून लढायला सांगा, किंवा कॅमेरा हनुवटीशी आणा. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर कटच्या जागी चित्र ताणलं जातं.

पन्नासहर्ट्झ: आणि मधले कट झटक्याच्या पॅनमध्ये (कॅमेरा झटकन बाजूला फिरवून) लपवणार असाल तर दोन्ही शॉटमध्ये पॅनची दिशा आणि वेग एकच हवा. दोनतीन वेगांचे टेक घेऊन ठेवा. कोरियातल्याच ब्लू ड्रॅगन पुरस्कारांचं तांत्रिक पारितोषिक या सिनेमाच्या स्टंटसाठी क्वोन ग्वी-दोकला गेलं, कॅमेऱ्याला नाही. मला ते पटतं. तालीम आधी रिकाम्या हेल्मेटने करा, कॅमेरा शेवटी चढवा.