छोट्या मोटारींचा कमाल वेग कारखान्यातच 120 वर अडवावा का?

चौथा गिअर (धागाकर्ता)

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि राज्याला 701 किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे आणि महाराष्ट्रात याहून अधिक वेगाची मुभा कोठेच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला 100 आणि बोरघाटात 60 अशी मर्यादा आहे. तरीही हजार-बाराशे सीसीची, जेमतेम नऊशे किलो वजनाची मोटार सहज 150 च्या पुढे जाते आणि तिला अडवणारे त्या मोटारीत काहीही नसते. जुलै 2019 पासून सक्तीची झालेली सूचनाघंटा 80 च्या पुढे अधूनमधून आणि 120 च्या पुढे सतत वाजते, एवढेच. गाणी जरा मोठ्याने लावली की तिचाही प्रश्न मिटतो.

माझे म्हणणे असे की, छोट्या मोटारींचा कमाल वेग कारखान्यातच 120 वर बांधून द्यावा. यासाठी वेगळे यंत्र बसवावे लागत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटरचे पेडल थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, केबलने जोडलेले नसते. पाय किती दाबला आहे हे सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, कळवतो आणि थ्रॉटल किती उघडायचा हे ईसीयू ठरवतो. चाकांचा वेगही त्याला माहीत असतोच, त्यामुळे ठरलेला आकडा जवळ आला की पेडल पूर्ण दाबलेले असूनही त्याने थ्रॉटल थोडा मिटून घ्यावा, इतकीच सूचना त्यात लिहायची आहे. टाटांच्या नॅनोचा वेग 105 वर असाच अडवलेला होता. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बारा इंची अरुंद टायर आणि मागे इंजिन असलेल्या त्या गाडीच्या बाबतीत तो निर्णय शहाणपणाचा होता. मग तिच्या मोठ्या भावंडांना सूट कशासाठी?

पिवळी पाटी

आपण ज्याला साधी सूचना म्हणता, ती आम्ही टॅक्सीवाले रोज भोगतो. टॅक्सी परवान्याची छोटी मोटार 80 ला लॉक होऊन येते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर त्याचा त्रास वेळेपुरताच असतो. समृद्धीवर पूर्ण अंतर 120 ने गेल्यास सहा तासांच्या आत आणि 80 ने गेल्यास पावणेनऊ तास, हा हिशेब गिऱ्हाइकाला सांगून पटवता येतो. खरी अडचण कल्याण-नगर रस्त्यासारख्या, समोरून वाहने येणाऱ्या रस्त्यावर होते. पुढे 60 ने चाललेला ट्रक आहे आणि त्याच्या मागून निघून पुढे सुरक्षितपणे येण्यासाठी मला त्याच्यापेक्षा साठ मीटर जास्त जायचे आहे, असे धरा. 80 ला लॉक असलेल्या गाडीला त्यासाठी सुमारे अकरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मी 240 मीटर जातो आणि समोरून 80 ने येणारी गाडीही 240 मीटर जवळ येते, म्हणजे जवळपास अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. हेच मला 100 ने करता आले, तर साडेपाच सेकंदांत आणि 270 मीटरमध्ये काम होते. दुप्पट वेळ चुकीच्या बाजूला राहायला लावणाऱ्या उपकरणाला सुरक्षेचे उपकरण म्हणायला मी तयार नाही.

दुसरी गोष्ट, लॉक असलेल्या गाडीच्या चालकाचा पाय तळाला टेकलेलाच राहतो, कारण त्यापुढे काही होणार नाही हे त्याला ठाऊक असते. वेग स्वतः जोखण्याची सवयच मोडते.

चौथा गिअर

ओव्हरटेकचा हिशेब बिनतोड आहे, परंतु तो 80 च्या विरुद्ध आहे आणि मी 120 बद्दल लिहिले आहे. दुपदरी रस्त्यावर साठने चाललेल्या ट्रकला ओलांडताना 120 च्या मर्यादेला कोणाचाच धक्का लागत नाही. ज्याला तेथे 130 लागतात, त्याने तो ओव्हरटेक मुळातच करू नये.

न्यूटनचा नातू

मला आकडा कशावरून काढला हे समजत नाही. गाडीची बांधणी हा निकष असेल तर 120 फार मोठा आहे. गाड्या आदळवून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅप या योजनेची समोरून धडकेची चाचणी 64 किलोमीटर वेगाने होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 120 ला ती या चाचणीच्या साडेतीन पट असते आणि 100 लाही जवळपास अडीच पट. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या अशाच चाचण्या घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नॅनो आणि अल्टो 800 यांसह पाच छोट्या गाड्या याच वेगाने आदळवल्या, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. आपण जिचे कौतुक केलेत ती 105 ला अडवलेली गाडीही त्यांतच होती. धडकेच्या क्षणी प्रवाशांना सांभाळतो तो गाडीचा सांगाडा आणि पट्टे. कमाल वेगाचा आकडा त्या वेळी काहीही करत नाही.

टायर हा निकष धरला, तरी आकडा जुळत नाही. छोट्या गाड्यांच्या बहुतेक टायरांवर टी हे अक्षर असते, म्हणजे योग्य हवा आणि योग्य वजन असताना ते 190 पर्यंत चालावेत अशी त्यांची घडण असते. उन्हाळ्यात कमी हवेने, पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन तासन्‌तास पळवलेला टायर 110 लाही फुटू शकतो. त्यावर उपाय टायरमधील हवा तपासणे हा आहे. राहिला कायद्याचा निकष. तो मानायचा, तर दोन टनांच्या एसयूव्हीलाही तोच कायदा लागू आहे. 140 ने धावणारी एसयूव्ही त्याच वेगाच्या छोट्या गाडीपेक्षा दुप्पट ऊर्जा घेऊन समोरच्यावर आदळते. मग बंधन फक्त स्वस्त गाडी घेणाऱ्यावर का? यात मला सुरक्षेपेक्षा वर्गभेदच अधिक दिसतो.

ओसाकावासी

जपानमध्ये या प्रश्नाला एक उत्तर बऱ्याच वर्षांपूर्वी मिळाले आहे, म्हणून लिहितो. येथे 660 सीसीपर्यंतच्या, 64 अश्वशक्तीच्या केई मोटारी 140 ला आणि मोठ्या मोटारी 180 ला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने अडवलेल्या असतात. हे आकडे उत्पादकांनी आपसांत ठरवून पाळले आहेत. देशातील सर्वांत मोठी वेगमर्यादा काही द्रुतगती रस्त्यांवर 120 आहे. म्हणजे छोट्या गाडीलाही कायद्याच्या वर वीस किलोमीटरची जागा ठेवलेली आहे. धागाकर्त्यांच्या प्रस्तावात ही जागा नाही, आणि पिवळी पाटी यांची भीती मला त्यामुळेच पटते. मात्र लहान-मोठ्यांना वेगवेगळा आकडा देणे येथे कोणाला अपमानास्पद वाटत नाही, कारण केई गाडीला करापासून पार्किंगपर्यंत सवलती मिळतात आणि घेणारा ती विचारपूर्वक घेतो. आपल्याकडे छोटी गाडी घेणाऱ्याला निवड कितपत असते?

सह्यकडा

युरोपचे उदाहरण मला जास्त उपयोगी वाटते. जुलै 2024 पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्यावरील पाट्या आणि नकाशा वाचून चालकाला सावध करणारी प्रणाली सक्तीची आहे, परंतु पेडल जोराने दाबून चालक तिच्यावर मात करू शकतो. शिवाय तिचा आकडा रस्त्यागणिक बदलतो. आपल्याकडचे बहुतेक जीवघेणे अपघात 120 च्या वर होत नाहीत. ते गावातून जाणाऱ्या रस्त्यावर 70-80 ला, अंधारात, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर आदळून होतात. तेथे 120 चे कुलूप काय करणार? आणि घाटात तर इंजिन दाबून धरणारे कोणतेही कुलूप निकामीच असते, कारण उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने वेग घेते आणि वेग अडवणारा लिमिटर ब्रेक लावत नाही.

चौथा गिअर

ओसाकावासी यांची सूचना मी स्वीकारतो: आकडा 130 असावा, म्हणजे कायद्याच्या वर दहाची जागा राहील. सह्यकडा यांचे म्हणणे खरे असले, तरी एका उपायाने सगळे अपघात थांबत नाहीत म्हणून तो उपाय टाकून देता येत नाही. समृद्धीवर सरळ, निर्मनुष्य रस्ता आहे आणि छोटी गाडी 140 ला कशी तरंगू लागते हे तिला आडवा वारा लागल्यावरच कळते. मोठ्या गाड्यांबद्दल न्यूटनचा नातू यांना मी विरोध करणार नाही. व्होल्वोने 2020 पासून आपल्या सगळ्या नव्या गाड्या 180 ला अडवल्या, त्यामुळे महागड्या गाडीचा तोरा काही कमी झालेला नाही. आपल्याकडेही टाटांची विजेवर चालणारी टियागो ईव्ही 120 च्या पुढे जात नाही आणि ती घेणाऱ्यांपैकी त्याबद्दल कुरकुर करणारा मला अजून भेटलेला नाही. बॅटरी वाचते म्हटल्यावर हेच बंधन गुण ठरते.

न्यूटनचा नातू

विजेच्या गाडीत तो आकडा मोटरचे फेरे, एकच गिअर आणि बॅटरी यांच्या मेळातून येतो, म्हणून तो घेणाऱ्याला स्वाभाविक वाटतो. पेट्रोल गाडीत तो केवळ सॉफ्टवेअरची एक ओळ असेल आणि ती ओळ लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात पुसून देणारे लोक प्रत्येक मोठ्या शहरात बसलेले आहेत. टॅक्सीला निदान ठरावीक काळाने फिटनेससाठी आरटीओच्या दारात उभे राहावे लागते, आणि तरीही पासिंग झाले की वेग अडवणाऱ्या गव्हर्नरची वायर काढली जाते, हे पिवळी पाटी यांनी मुद्दाम लिहिले नसावे. खासगी मोटारीची नोंदणी तर पंधरा वर्षांची असते आणि मधल्या काळात तिचा ईसीयू कोणीही तपासत नाही. वर्षातून एकदोनदा होणाऱ्या पीयूसीत धूर मोजतात. तेथेच ईसीयूचीही तपासणी जोडण्याची आपली तयारी असेल, तर आकडा 120 की 130 यावर बोलण्यात अर्थ आहे.

पिवळी पाटी

मुद्दाम लिहिले नव्हते, हे खरे. वायर का काढली जाते, ते मात्र ओव्हरटेकच्या हिशेबात लिहिलेलेच आहे. आमचा आकडा 80 वरून 100 करा, मग पीयूसीच्या वेळी ईसीयू खुशाल तपासा. माझी गाडी पहिली उभी असेल.