अनुभव धागा: शेजारी कुणी उभं असलं की लघवी होत नाही

लीड्स, पुरुष, ४३

विषय वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या, मग पुढे वाचा. वसतिगृहात मी चार वर्षं काढली आणि मुतारीत दुसरं कुणी असताना एकदाही मला लघवी झाली नाही. पहाटे चारला उठून जाऊन यायचो. एसटीने लांब जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. मित्र म्हणायचे, "झोपलास का रे तिथेच?" याला पॅरुरेसिस म्हणतात हे इथे इंग्लंडात आल्यावर, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. शब्द १९५४ चा निघाला! म्हणजे माझ्या जन्माआधीपासून लोक भिंतीकडे बघत उभे आहेत.

इथे युके पॅरुरेसिस ट्रस्ट नावाची संस्था शनिवार-रविवारच्या कार्यशाळा घेते. पहिली सकाळ नुसती बोलण्यात गेली. गोल करून बसलो होतो. एक ट्रक चालवणारा आडदांड माणूस बोलता बोलता रडला. मुलीच्या लग्नात तो दिवसभर काही प्यायला नव्हता.

मला वाटलं होतं एखादी युक्ती शिकवतील. तसं काही नव्हतं. भरपूर पाणी प्यायचं आणि जोडीदार निवडायचा. आधी तो लांब, पार जिन्यात. आपण आत, दार बंद. लघवी सुरू झाली की तीनेक सेकंदांत मुद्दाम थांबवायची, बाहेर यायचं, तीन मिनिटं दम खायचा. मग तो दोन पावलं जवळ. पुन्हा तेच. नाही झाली तर बाहेर येऊन सांगायचं, "नाही झाली." तो म्हणायचा, "बरं." एवढंच. हे दोन शब्द मी तोवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितले नव्हते; त्या शनिवारी सहा वेळा सांगितले. रविवारी दुपारी स्टेशनातल्या मुतारीत तो माझ्या शेजारच्या भांड्यापाशी उभा होता आणि मला झाली. बाहेर येऊन आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

सगळं संपलं असं नाही. फुटबॉलच्या मध्यंतरातल्या रांगेत अजून अडतो. मग सरळ दाराच्या संडासात जातो. तुम्हीही लिहा. नाव नको, गाव पुरे.

नागपूर, स्त्री, ३६

बायकांना हे नसतं असं कुणी सांगितलं? माझी अडचण आवाजाची. बाहेर रांग असली आणि कुणी कडी वाजवली की संपलं. सासरी नळ सोडून बसायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, टाकी रिकामी करतेस की काय!" सगळ्यात वाईट सोनोग्राफी. तासभर पाणी पाजतात, मग म्हणतात, "आता जाऊन या, उरलेली किती ते बघू." दाराबाहेर पाच बायका. मी दोनदा खोटं बोलले की झाली. रिपोर्टात अर्थातच मूत्राशय भरलेलं! मग औषधं, आणखी तपासण्या. खरं कारण मी डॉक्टरांना सांगितलंच नाही, इतकी लाज.

कोल्हापूर, पुरुष, २९

गटात जाऊन हे करणं मला जमणार नाही, स्पष्ट सांगतो. मी श्वासाचं करून बघितलं. पाऊण श्वास सोडायचा आणि तसंच थांबायचं, चाळीस-पंचेचाळीस सेकंद. ओटीपोटाखालचं आपोआप सैल पडतं. आधी घरी बरेच दिवस सराव करावा लागला, पहिल्यांदा गुदमरल्यासारखंच होतं. दहातल्या सहा वेळा जमतं. घराण्यात कुणाला सांगितलेलं नाही.

मुंबई, डॉक्टर

दोन शब्द. भीतीने मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतात, आणि जोर केला की आणखी आवळतात. म्हणून "जरा जोर लाव" हा सल्ला उलटा. याची गणना सामाजिक भीतीच्या विकारात होते. पण घरी एकटं असतानाही धार अडत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर आधी प्रोस्टेट तपासा. लघवी पूर्ण तुंबून पोटात दुखू लागलं तर धागा वाचत बसू नका, दवाखान्यात या. पाणी पिऊन सराव करतानाही उगाच लिटरच्या लिटर ढोसू नका.

आणि थोडं फार हे सगळ्यांनाच असतं. १९७६ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाच्या मुतारीत साठ पुरुषांवर प्रयोग झाला होता. एकटा माणूस सरासरी ४.९ सेकंदांत सुरू झाला. शेजारी कुणी उभं केलं तर ८.४. मोजणारा शेजारच्या संडासात पेरिस्कोप घेऊन लपला होता. आज असल्या प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही!

रत्नागिरी, आई

माझा मुलगा सहावीत. शाळेतून आला की दप्तर टाकून आधी मोरीत धावतो. मला वाटायचं आळशी. शाळेत मोठी मुलं मागून ढकलतात, एवढं कळायला वर्ष गेलं. आता बाईंशी बोलून तास चालू असताना सोडायचं ठरलंय. नागपूरच्या ताई, तुमचं वाचून रडू आलं.

पुणे, पुरुष, ५२

नोकरीच्या मेडिकलला बाटली हातात देऊन माणूस दारात उभा राहिला होता. दीड तास. शेवटी म्हणाला, "उद्या या." मी गेलोच नाही. ती नोकरी सोडली. चोवीस वर्षं झाली, घरी सांगितलंय की पगार कमी होता.

लीड्सकर, मी प्रोस्टेट दाखवून आलोय, ते ठीक आहे. जोडीदार कुठून आणू?

पिंपरी, पुरुष, ३४

काका, मी येतो. मलाही तेच आहे. रविवारी सकाळी मॉलमध्ये गर्दी नसते.

पुणे, पुरुष, ५२

गेलो होतो. हा पोरगा सरकत्या जिन्यापाशी उभा, मी आत. दोनदा झाली. तो मुतारीच्या दाराशी आला तेव्हा नाही झाली. बाहेर येऊन सांगितलं. तो म्हणाला, "बरं, चहा घेऊ." त्याची पाळी आली तेव्हा मी जिन्यापाशी उभा राहिलो. पुढच्या रविवारी पुन्हा, दाराशी.